वरातीतली घोडी आणि ओली वाळू

रेवदंड्याजवळच्या एका वरातीत बेंजोच्या तालावर नाचणारी मारवाडी घोडी पाहिली आणि लग्न बाजूलाच राहिलं. टोकं एकमेकांकडे वळलेले कान, पातळ तुकतुकीत कातडी, कमानीसारखी मान. ताशा कडाडला की ती जागच्या जागी पुढचा एकेक पाय पार छातीपर्यंत उचलायची. गर्दी त्या पायांकडे बघत होती. मी पाठीकडे बघत होते. खोगिराखाली पाठ खोल गेलेली, शेपूट सारखी झटकली जात होती आणि मागचे पाय जणू पोटाखाली यायचं विसरूनच गेले होते.

घोडेस्वारीतल्या ड्रेसाज नावाच्या ऑलिंपिक क्रीडाप्रकारात ‘पिआफ’ नावाची एक हालचाल असते. त्यातही घोडा जवळजवळ एकाच जागी दुडकतो. वरवर पाहता वरातीतला नाच आणि पिआफ सख्ख्या बहिणी वाटतात, पण शरीराच्या आत दोन्हींत अगदी उलट गोष्टी चाललेल्या असतात. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा खेळात उतरवायचा असेल, तर आधी हा फरक समजून घ्यायला हवा.

आपल्याला असतं तसं हासळीचं हाड घोड्याला नसतं. पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलेच नसतात. दोन खांद्यांच्या मधे छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. मान आणि डोकं पुढे असल्यामुळे उभ्या घोड्याचा साधारण 58 टक्के भार पुढच्या पायांवर पडतो. त्यात स्वार बसला की पुढचा भाग आणखी दबतो. ड्रेसाजचं सगळं शिक्षण हा भार मागे नेण्यासाठी असतं. पोटाचे स्नायू आवळून पाठ वर येते, मागचे पाय सांध्यांत दुमडून पोटाखाली येतात, झोळी ताणली जाते आणि खांदे हलके होतात. घोडा एकवटतो. मग पुढचा पाय उचलला जातो तो मागून आलेल्या ताकदीने.

वरातीच्या घोड्याला बहुतेक वेळा कडक लगाम खेचून डोकं वर धरायला लावलेलं असतं. डोकं वर खेचलं की पाठीचे लांब स्नायू आखडतात आणि पाठ खाली जाते. पाय उचलला जातो, पण भार मागे जातच नाही. असा नाच वर्षानुवर्षं केलेल्या जनावराची कंबर दुखत असते आणि लोकांना ते तेजच वाटतं. शिवाय घोड्याच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साडेपाच वर्षांच्या आसपास लागतात. ड्रेसाजच्या सर्वोच्च, म्हणजे ग्राँ प्री पातळीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आठ वर्षांखालचा घोडा उतरवता येत नाही, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे मात्र दोन-अडीच वर्षांच्या शिंगराच्या पाठीवर माणूस बसवलेला मी पाहिला आहे.

मग हा घोडा खेळात टिकेल का? स्पेनकडे पाहा. अंदालुसियाचा घोडासुद्धा मिरवणुकीचा, उत्सवाचा, ऐटीचा घोडा. युरोपातल्या उंच खेळघोड्यांपुढे तो बुटका, त्याची ढांग आखूड. तरीही 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं सांघिक रौप्य मिळवणाऱ्या स्पेनच्या संघात इन्व्हासोर नावाचा त्याच जातीचा घोडा होता. ढांगेची लांबी पायाच्या लांबीवर अवलंबून असते, तिथे शिक्षणाने फार काही हाती लागत नाही. एकवटण्याची क्षमता मात्र पाठीच्या आणि मागच्या पायांच्या बांध्यावर आणि घोड्याच्या मनावर अवलंबून असते. मारवाडीची चपळाई आणि माणसाकडे लागलेलं त्याचं लक्ष यांच्या जोरावर त्याला या वाटेने नेता येईल, असं मला मनापासून वाटतं.

एक अडचण खरी आहे, ती चालीची. मारवाडीची ‘रेवाल’ प्रसिद्ध आहे. स्वाराला हिसका न बसणारी ही तरंगती चाल वाळवंटातल्या लांबच्या प्रवासात वरदानच होती. पण ड्रेसाजमध्ये दुडकी शुद्ध हवी: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम, मग उलट जोडी. रेवालकडे झुकणारा घोडा इथे गुण गमावतो. 2012 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांना आइसलँडच्या घोड्यांत डीएमआरटी-3 नावाच्या जनुकाचं एक बदललेलं रूप सापडलं. हे जनुक पाठीच्या कण्यातल्या, पायांचा ताल जुळवणाऱ्या चेतापेशींत काम करतं आणि त्याच्या बदललेल्या रूपामुळे घोड्यांना अशा वेगळ्या चाली जमतात. त्यामुळे पैदास करताना जनुक तपासून स्वच्छ दुडकीच्या घोड्यांच्या वंशाची एक ओळ वेगळी जोपासावी. आणि रेवाल तर हरवूच देऊ नये. लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी तिची ओळ तितक्याच काळजीने सांभाळावी.

देशात या खेळाला आत्ता बरे दिवस आले आहेत. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत 1982 नंतरचं ते पहिलं सुवर्ण. त्या संघातला अनुष अगरवाला 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्येही उतरला. मात्र हे सारे यश युरोपात तयार झालेल्या घोड्यांच्या पाठीवरचं. आपल्या घोड्याला परदेशी नेण्यात सरा, ग्लँडर्ससारख्या रोगांच्या नियमांची मोठी आडकाठी असते. 2025 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या अश्वरोगमुक्त कक्षाला जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्यता दिली, तेव्हा हे दार थोडं किलकिलं झालं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. ड्रेसाजचं मैदान 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असतं. ओहोटीला काशीदच्या पुळणीवर काठीने रेघ मारली की झालं! ओल्या वाळूवर पाय दिला की भोवतालची वाळू क्षणभर पांढरी, कोरडी होते, हे आपण लहानपणापासून बघतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 मध्ये याचं कारण सांगितलं. दाटून बसलेले कण दाबाखाली एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. त्या क्षणी वाळू घट्ट होते. दुडकीत घोड्याच्या एकेका पायावर जवळजवळ अख्ख्या शरीराइतका भार येतो, म्हणून ही घट्ट पण दगडासारखी कडक नसलेली जमीन त्याला मानवते. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत खूर रुततो आणि पायामागचे कंडरे ताणले जातात. पर्यटकांना घेऊन दिवसभर तिथे फिरणाऱ्या घोड्यांचे पाय म्हणूनच सुजतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला 70 किलो पुष्कळ झाले. गुडघाभर समुद्राच्या पाण्यात चालवणं हा तर उत्तम व्यायाम: पाणी वजन थोडं पेलतं, पाय मुद्दाम उचलावे लागतात आणि पाठ आपोआप काम करते.

कोकणातली खरी कसोटी मात्र दमट हवेची आहे. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो, आणि त्याचा घाम रक्तापेक्षाही खारट असतो. त्यातल्या लॅथेरिन नावाच्या प्रथिनामुळे मानेवर फेस दिसतो. मे महिन्यात अलिबागला तो घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो आणि अंगातलं मीठ मात्र जातं. सतत अशा हवेत राहून काही घोड्यांचा घाम पुरताच थांबतो, तेव्हा धोका मोठा. काम पहाटेच घ्यावं, पाण्याबरोबर मीठ द्यावं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये ही समजूत 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळच्या संशोधनाने खोटी ठरवली. ओतावं, आणि भरपूर ओतावं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन आमच्या चौललाच उतरला होता. या बंदरांत समुद्रमार्गे आलेले घोडे हीच हवा सोसत घाट चढून गेले.

मागच्या थंडीत पहाटे पुळणीवर एका घोडेवाल्या काकांची तांबडी घोडी दिसली. “ताई, नाचवून दाखवू का?” त्यांनी विचारलं. “नको काका, लगाम सैल सोडा आणि लांब दोरीवर नुसती गोल फिरवा,” मी म्हटलं. त्यांना ते जरा विचित्रच वाटलं, पण त्यांनी फिरवली. पहिले दहा-बारा फेरे ती मान ताठ धरून चालली. मग डोकं हळूहळू खाली आलं, तिने नाकातून लांब फुरफुर केली आणि मागचा पाय पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडू लागला. काका थांबून वाळूतले ठसे बघत राहिले.