प्रोपेलर शाफ्टचे रबरी बेअरिंग बदलणे

शिडाच्या नौकेत वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरताना जे छोटे इंजिन चालवले जाते, त्याचा शाफ्ट तळाबाहेर पाण्यात येऊन पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, फिरवतो. पंख्याच्या अगदी पुढे या शाफ्टला आधार देणारे नळीसारखे बेअरिंग झिजल्यावर काढून त्याजागी नवे बसवणे, हे नौका पाण्याबाहेर घेऊन करावयाचे दुरुस्तीचे काम आहे. बडोद्यातील कारखान्यांत अशा नळीला सरसकट ‘बुश’ म्हणतात. हे बेअरिंग एकतर तळाखाली लोंबणाऱ्या ब्रॅकेटमध्ये किंवा स्टर्न ट्यूबच्या, म्हणजे शाफ्ट तळातून बाहेर नेणाऱ्या नळीच्या, बाहेरच्या टोकाला बसवलेले असते.

बेअरिंगचे बाह्य कवच पितळेचे किंवा राळयुक्त तंतूंचे असते आणि आत नायट्राइल रबराचे अस्तर असते, ज्यात लांबीच्या दिशेने खाचा असतात. त्याला तेल किंवा ग्रीस लागत नाही; खाचांतून वाहणारे पाणीच फिरत्या शाफ्टखाली पातळ थर धरते, शाफ्ट उचलून धरते आणि उष्णताही वाहून नेते. पाण्याबरोबर वाळूचा कण आत आला तर मऊ रबर क्षणभर दबते, कण घरंगळत खाचेत जातो आणि प्रवाहाबरोबर बाहेर पडतो. कठीण धातूच्या बुशमध्ये तोच कण रुतून बसतो आणि शाफ्टला कापत राहतो. मात्र पाण्याशिवाय हे बेअरिंग तग धरत नाही: नौका जमिनीवर उभी असताना इंजिन गिअरमध्ये टाकून पाहण्याचा मोह झाला, तर थोड्याच वेळात रबर जळते.

जहाजांवर या जागी पूर्वी लिग्नम व्हिटी हे अतिशय घट्ट, स्वतःच तेलकट असलेले लाकूड वापरत. जॉन पेन यांनी १८५४ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. रबरी बेअरिंगची कल्पना १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील खाण-अभियंता चार्ल्स शेरवुड यांनी वाळूमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपावर केलेल्या प्रयोगातून पुढे आली. बडोद्याच्या वाचकाला ही वस्तू वाटते तितकी परकी नाही, कारण खोल विहिरींवरील उभ्या टर्बाइन पंपांत लांब शाफ्टला जागोजागी आधार देणारी बेअरिंगे बहुधा याच जातीची, पाण्यानेच वंगण होणारी असतात. पंप उघडून ती बदललेल्या फिटरला नौकेवरचे काम समजावून सांगावे लागत नाही.

झीज ओळखण्यासाठी पंखा धरून वर-खाली आणि आडवा हलवून पाहतात. २५ मि.मी. शाफ्टला नव्या बेअरिंगमध्ये एक-दोन दशांश मि.मी. इतकाच सैलपणा असतो. तो दीड मि.मी.च्या आसपास गेला, तर बेअरिंग बदलावे. पाण्यात असताना ठरावीक वेगावर येणारी थरथर किंवा शीड उभारून जाताना मोकळ्या फिरणाऱ्या पंख्याचा खडखडाट, हीही लक्षणे होत. खंभातच्या आखातासारख्या, दहा मीटरच्या आसपास भरती-ओहोटी होऊन सतत गाळ ढवळणाऱ्या पाण्यात झीज लवकर होते; उलट नौका महिनोन्‌महिने उभी राहिली, तर खाचांत शंखशिंपले वाढून पाण्याची वाट बंद होते.

बेअरिंग काढताना खरी अडचण बहुधा सुकाणूची येते. मोटरबोटीत कपलिंग, म्हणजे इंजिन व शाफ्ट यांना जोडणारा सांधा, सोडून शाफ्ट सरळ मागे ओढता येतो, पण शिडाच्या नौकेत सुकाणू अनेकदा नेमके शाफ्टच्या रेषेत असते. मग सुकाणू उतरवावे लागते, नाहीतर पंखा काढून शाफ्ट जागेवरच ठेवून, दोन अर्धगोल पट्ट्या आणि लांब आट्यांचे बोल्ट असलेल्या पुलरने बेअरिंग बाहेर ओढावे लागते. आधी ब्रॅकेटमधील अडकवण्याचे स्क्रू शोधून सोडवावेत. ते रंगाच्या थराखाली लपलेले असतात आणि ते राहून गेल्यामुळे कितीतरी ब्रॅकेट फुटतात. शाफ्ट बाहेर काढलेला असेल, तर हॅकसॉचे पाते आतून घालून कवचाला लांबीभर चीर पाडतात आणि ते आतल्या बाजूला दुमडतात. पाते ब्रॅकेटच्या धातूत शिरू नये, इतका हात हलका हवा. घणाचे ठोके आणि गॅसची ज्योत दोन्ही टाळावीत: पहिल्याने ब्रॅकेट वाकते, दुसरीने फायबरच्या तळातील राळ खराब होते.

नवे पितळी बेअरिंग बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवले, तर ४० मि.मी. व्यासाला सुमारे तीन शतांश मि.मी. आकसते आणि साबणाच्या पाण्यावर हाताच्या दाबाने सरकते. स्क्रू फक्त टेकतील इतपत आवळावेत, नाहीतर कवच आत दबून शाफ्टला चिकटते. नौका ॲल्युमिनियमची असेल, तर पितळी कवच वापरू नये, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातूंमधील विद्युत्-क्रियेने ब्रॅकेटच खंगते. बेअरिंग शाफ्टवर चढवून पाहताना ऋतूचाही विचार करावा. मे महिन्यात बडोद्याच्या कारखान्यात पारा चाळिशीपार असताना फुगलेले रबर शाफ्टवर घट्ट वाटते, म्हणून ते घासून मोकळे करण्याआधी काही वेळ पाण्यात बुडवून मापावे.

बेअरिंग झिजणे हे बहुधा दुसऱ्या एखाद्या दोषाचे फळ असते, आणि तो दोष राहिला तर नवेही तसेच झिजते. एकाच बाजूने झीज दिसली, तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत असे समजावे. चहूबाजूंनी सारखी दिसली, तर गाळ किंवा वय कारणीभूत असते. शाफ्टला चर पडलेले असतील किंवा तो वाकला असेल, तर लेथवर डायल गेज (काट्याने सूक्ष्म वाकडेपणा दाखवणारे मापक) लावून तपासल्याखेरीज तो परत बसवू नये. रेषा जुळवण्याचे काम मात्र नौका पाण्यात उतरवून, डोलकाठीचे ताण, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या तारा, बांधल्यानंतर एक-दोन दिवसांनीच करावे, कारण काठी आणि ताण तळाला किंचित वाकवतात. कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फीलर गेज (फट मापण्याची पातळ पट्टी) चहूबाजूंनी फिरवून, १०० मि.मी. व्यासामागे ०.१ मि.मी.हून अधिक फरक राहणार नाही, इतके इंजिनाचे पाय वर-खाली करतात.