अटलांटिकपार उड्डाणांतील लांब पल्ल्याची नॅरो-बॉडी विमाने

युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या दरम्यान अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या नियमित प्रवासी सेवांसाठी एकाच मार्गिकेच्या जेट विमानांचा वापर करण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत पुन्हा रूढ झाली आहे. या विमानांत मधल्या अरुंद मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन आसने असतात आणि त्यांना व्यवहारात नॅरो-बॉडी म्हणतात; दोन मार्गिका असलेली मोठी विमाने ती वाइड-बॉडी. एअरबस ए320 कुळातील विमानाच्या धडाची बाहेरून रुंदी 3.95 मीटर असते, तर वाइड-बॉडी ए330 ची 5.64 मीटर. इंदूरहून मुंबई, पुणे किंवा दिल्लीला जाणारी जेट विमाने नॅरो-बॉडीच असतात. त्यामुळे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून तासा-दीड तासाच्या प्रवासाला निघणाऱ्या विमानाचा सख्खा भाऊ सात-आठ तास समुद्रावरून उडतो, हे इंदूरच्या वाचकाला प्रथम थोडे नवलाचे वाटते.

इतिहास पाहिला तर नवल उलट दिशेने वाटायला हवे, कारण जेट युगाची सुरुवातच एका मार्गिकेच्या विमानांनी झाली. 4 ऑक्टोबर 1958 रोजी ब्रिटनच्या बीओएसी कंपनीने कॉमेट 4 या विमानाने लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली आणि त्याच महिन्याच्या 26 तारखेला अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीचे बोइंग 707 न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले. एअर इंडियाने 1960 मध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तीही 707 नेच. या विमानांना चार इंजिने होती. मार्गिका मात्र एकच. जानेवारी 1970 मध्ये बोइंग 747 न्यूयॉर्क-लंडन मार्गावर आले, वाइड-बॉडींचा काळ सुरू झाला आणि लहान धडाची विमाने हळूहळू जमिनीवरच्या मार्गांपुरती उरली.

त्यांना समुद्रापासून दूर ठेवणारे दुसरे कारण नियमांचे होते. 1953 पासून अमेरिकेतील नियमानुसार दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या इंजिनावर 60 मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहावे लागे. अटलांटिकच्या मध्यावर असे विमानतळ कोठून येणार? टर्बोफॅन इंजिनांची विश्वासार्हता सिद्ध झाल्यावर 1985 मध्ये ही मर्यादा 120 मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली आणि 1988 मध्ये 180 मिनिटांची मुभा मिळाली. एटॉप्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमावलीत विमानाचा प्रकार, त्याची देखभाल आणि कंपनीची तयारी या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात. उत्तर अटलांटिकवर न्यू फाउंडलंडमधील गँडर, लॅब्राडोरमधील गूस बे, आइसलँडमधील केफ्लाविक, आयर्लंडमधील शॅनन आणि अझोर्समधील लाजेस हे विमानतळ अशा वेळी आधार देतात.

या मुभेचा सर्वाधिक लाभ बोइंग 757 ने घेतला. 1983 च्या आरंभी सेवेत आलेले हे विमान मुळात अमेरिकेतील देशांतर्गत मार्गांसाठी बनवले होते. मात्र त्याचे पंख मोठे व इंजिने जोरकस होती आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन 115 टनांहून थोडे अधिक असल्याने सुमारे 7,200 किलोमीटरचा पल्ला त्याला शक्य होता. कॉन्टिनेन्टल, डेल्टा, अमेरिकन, यूएस एअरवेज अशा कंपन्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपातील मध्यम आकाराच्या शहरांसाठी ते वापरले, तर आइसलँडएअरने केफ्लाविकला विमान बदलण्याचे ठिकाण बनवून दोन्ही खंडांतील अनेक शहरे जोडली. 2004 मध्ये 757 चे उत्पादन थांबले. त्याच्या जागी बोइंगने मध्यम आकाराचे एक नवे विमान आखायला घेतले होते, पण 2020 मध्ये तो बेत बाजूला ठेवण्यात आला. पोकळी राहिली आणि ती एअरबसने भरली.

अटलांटिकवरील कोणत्याही विमानाचा पल्ला समजून घ्यायचा तर नकाशावरील अंतराआधी वाऱ्याचा विचार करावा लागतो. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा हवेचा पट्टा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, उत्तर अटलांटिकवर फार प्रबळ असतो आणि ध्रुवाकडील व उष्ण कटिबंधाकडील तापमानांतला फरक हिवाळ्यात वाढत असल्याने त्या ऋतूत तो अधिकच जोर धरतो. युरोपकडे येणाऱ्या विमानाला तो पाठीवर घेऊन येतो. अमेरिकेकडे जाणाऱ्याला छातीवर झेलावा लागतो. 1958 च्या त्या पहिल्या दिवशीच हे दिसून आले होते, कारण न्यूयॉर्कहून निघालेले कॉमेट न थांबता लंडनला पोहोचले, तर लंडनहून निघालेल्याला इंधनासाठी गँडरला उतरावे लागले. म्हणूनच रोजचा वारा पाहून या महासागरावरचे मार्ग दर दिवशी नव्याने आखले जातात आणि ते गँडर व शॅनविक या दोन नियंत्रण केंद्रांकडून जाहीर होतात. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला पल्ला शांत हवेतला असतो. प्रत्यक्षात समोरचा वारा, पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन, राखीव साठा आणि भरलेले सामान यांची वजाबाकी करून जे उरते, तेवढ्याच लांबीचा मार्ग कंपनीला वर्षभर चालवता येतो. 2011-12 च्या हिवाळ्यात युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक 757 विमानांना जोरदार वाऱ्यांमुळे गँडर किंवा गूस बे येथे इंधनासाठी थांबावे लागले होते.

मग एवढी मर्यादा सांभाळून कंपन्या लहान विमान का निवडतात? याचे उत्तर भाड्यापेक्षा जोखमीत आहे. पूर्ण भरलेले वाइड-बॉडी विमान प्रत्येक आसनामागे स्वस्त पडू शकते, परंतु ते भरावे लागते. दोनशे ऐंशी-तीनशे आसने रोज भरतील एवढे प्रवासी लंडन-न्यूयॉर्क मार्गावर मिळतात, डब्लिन-नॅशव्हिल मार्गावर मिळत नाहीत. नॅरो-बॉडीच्या एका फेरीचा एकूण खर्च कमी असल्याने दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांवरही मार्ग तग धरतो आणि मागणी ओसरणाऱ्या महिन्यांत तोटा आटोक्यात राहतो. इंदुरात मोठी सिटी बस थांब्यावर प्रवाशांची वाट पाहत असताना शेजारून चार-दोन माणसे घेऊन मॅजिक ही छोटी प्रवासी गाडी निघून जाते. तिचे गणित आणि या विमानाचे गणित मुळात एकच आहे. याशिवाय, आठवड्यातून तीनदा मोठे विमान पाठवण्याऐवजी रोज लहान विमान पाठवले, तर वेळेला महत्त्व देणारा आणि अधिक भाडे भरणारा प्रवासीही टिकतो.

एअरबसने 13 जानेवारी 2015 रोजी ए321एलआर हे विमान जाहीर केले. ए321निओ, म्हणजे ए320 कुळातील नव्या इंजिनांच्या लांब विमानाचे, उड्डाणवजन 97 टनांपर्यंत वाढवून आणि मालकप्प्यात जास्तीत जास्त तीन जादा इंधनटाक्या बसवून त्याचा पल्ला सुमारे 7,400 किलोमीटरपर्यंत नेण्यात आला. जानेवारी 2018 मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि त्याच वर्षी ते ग्राहकांच्या हाती पडले. पोर्तुगालची टॅप, आयर्लंडची एअर लिंगस, कॅनडाची एअर ट्रान्सॅट आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस यांनी ते अटलांटिकपार मार्गांवर वापरायला घेतले. अमेरिकेतील जेटब्लूने 11 ऑगस्ट 2021 रोजी याच विमानाने न्यूयॉर्क-लंडन सेवा सुरू केली. तिच्या विमानात केवळ 138 आसने आहेत, त्यांपैकी 24 पूर्ण आडवी होणारी.

सर्वच प्रयोग टिकले नाहीत. नॉर्वेजियनने 2017 मध्ये बोइंग 737 मॅक्सने एडिनबरो व आयर्लंडमधील शहरांतून अमेरिकेतील दुय्यम विमानतळांसाठी स्वस्त सेवा सुरू केल्या, पण मार्च 2019 मध्ये दोन अपघातांनंतर मॅक्स विमानांच्या उड्डाणांवर जगभर बंदी आली आणि आयर्लंडमधील सेवा त्याच वर्षी बंद झाल्या. प्रायमेरा एअर तर ए321निओ घेऊन आली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये बुडालीही. सर्वांत विलक्षण म्हणावा तो ब्रिटिश एअरवेजचा प्रयोग. 2009 पासून ही कंपनी लंडन सिटी या आखूड धावपट्टीच्या विमानतळावरून न्यूयॉर्कला ए318 हे इवलेसे विमान केवळ 32 बिझनेस आसने ठेवून पाठवत असे. त्या धावपट्टीवरून पूर्ण इंधन भरून उडता येत नसल्याने ते जाताना शॅननला थांबे. मात्र त्या थांब्यातच अमेरिकेची प्रवेश तपासणी उरकली जाई, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नसे. अडचणीलाच सोय बनवण्याचे याहून नेटके उदाहरण विमानव्यवसायात क्वचितच सापडेल. महासाथीच्या काळात, 2020 मध्ये, ही सेवा संपली.

या कुळातील ए321एक्सएलआर हे विमान जून 2019 मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात जाहीर झाले. त्याचे कमाल उड्डाणवजन 101 टन असून पल्ला सुमारे 8,700 किलोमीटर सांगितला जातो. त्याचे खरे वैशिष्ट्य चाकांच्या कप्प्यामागे धडातच घडवलेली इंधनटाकी हे आहे. एलआरमधील जादा टाक्या मालकप्प्यात ठेवलेल्या पेट्यांसारख्या असतात आणि प्रत्येक पेटीचे स्वतःचे वजन व आजूबाजूची वाया जाणारी जागा असते. एक्सएलआरमध्ये धडाचे कवच हीच टाकीची भिंत आहे. त्यामुळे 12,900 लिटर इंधन कमी जागेत व कमी वजनात मावते. परंतु याच रचनेमुळे प्रमाणपत्र मिळण्यास विलंब झाला. विमान पोटावर घसरले किंवा खाली आग लागली, तर टाकी आणि तिच्या वर बसलेले प्रवासी यांचे रक्षण कसे होणार, हा प्रश्न युरोपीय नियामकाने उपस्थित केला, बोइंगनेही त्यावर हरकत नोंदवली आणि एअरबसला तळाची बांधणी अधिक भक्कम करावी लागली. त्यात वजन वाढले, म्हणजे पल्ल्याचा थोडा वाटा सुरक्षिततेसाठी खर्ची पडला. जून 2022 मध्ये हॅम्बर्ग येथे पहिले उड्डाण होऊनही युरोपीय प्रमाणपत्र जुलै 2024 मध्ये मिळाले. पहिले विमान इबेरियाला मिळाले आणि 14 नोव्हेंबर 2024 रोजी ते 182 आसनांसह माद्रिदहून बॉस्टनला गेले. एअर लिंगसने 2025 मध्ये याच विमानाने डब्लिनहून नॅशव्हिल व इंडियानापोलिस ही शहरे जोडली.

प्रवाशाच्या दृष्टीने या विमानांतील आसन वाइड-बॉडीतील आसनाहून अरुंद असेलच असे नाही; जाच होतो तो मार्गिकेचा. जेवणाची गाडी मध्ये उभी असली की पुढून मागे जाता येत नाही, स्वच्छतागृहे मोजकी असतात आणि मुलाबाळांना भेटायला अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना सात-आठ तासांत पाय मोकळे करायला जागा सापडत नाही. कंपन्यांची अडचण वेगळी आहे. जादा टाक्यांनी मालकप्पा व्यापला जातो आणि वाइड-बॉडी विमानाला मालवाहतुकीतून जे भरघोस उत्पन्न मिळते, त्याला या विमानाला मुकावे लागते. जेथे उड्डाणाच्या वेळांचे वाटपच मर्यादित आहे, अशा हीथ्रोसारख्या विमानतळावर एक वेळ लहान विमानासाठी खर्च करणेही महागात पडते.

भारतातून अटलांटिक नसला तरी तेवढ्याच अंतरांचा प्रश्न आहे. मुंबई-लंडन हे सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे आणि इंदूर-लंडन अंतरही त्याहून फारसे वेगळे नाही, सुमारे 7,100 किलोमीटर. इंडिगोने 2019 मधील आपल्या मोठ्या मागणीत एक्सएलआर विमानांचा समावेश केला, तो अशाच मार्गांसाठी. कागदावर हे विमान इंदूरहून लंडनला पोहोचू शकते. तथापि येथून पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा असतो, बंद हवाई क्षेत्रांमुळे वळसे पडतात आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, मे महिन्याच्या उन्हात, सुमारे 2,750 मीटर लांबीच्या धावपट्टीवरून 101 टन वजन उचलायचे, तर विरळ हवेत पंखांची उचल आणि इंजिनांचा जोर दोन्ही घटतात. त्यामुळे काही आसने रिकामी ठेवावी लागतील किंवा रात्रीच निघावे लागेल. इंदूरहून 2019 मध्ये सुरू झालेली पहिली आंतरराष्ट्रीय सेवा दुबईची होती आणि ते अंतर जेमतेम 2,100 किलोमीटर आहे. बॉस्टनला निघालेला इंदूरकर आजही मुंबईत आणि लंडनला विमान बदलून जाऊ शकतो, आणि त्यात मधला टप्पा वाइड-बॉडीचा, तर इंदूर-मुंबई आणि लंडन-बॉस्टन हे दोन्ही टोकांचे टप्पे ए320 कुळातील विमानांचे असू शकतात, ज्यांचे कॉकपिट इतके सारखे असते की वैमानिकाला दोन्हींसाठी एकच प्रकार-परवाना चालतो.