शीर जळणं आणि सलाइन बाहेर जाणं

फोंड्याकडच्या एका आजींच्या शिरेत मी भुलीचं पांढरं औषध सोडायला घेतलं, तशा त्या "बाय, हात जळटा" म्हणाल्या आणि लगेच झोपल्या. ऑपरेशननंतर लेकीने विचारलं, "सलाइन बाहेर गेलेलं का?"

नव्हतं गेलं. ते दुधासारखं औषध म्हणजे प्रोपोफॉल. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून सोयाबीनच्या तेलात घेऊन, अंड्यातल्या लेसिथिनने त्याचं दूध करतात. तरी थोडा अंश तेलाबाहेर मोकळा राहतो आणि शिरेच्या अस्तराला झोंबतो. रसायन फिनॉलच्या कुळातलं. काजूच्या टरफलातलं तेलही त्याच कुळातलं, आणि ते बोटांना लागलं की काय होतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. ही आग शिरेच्या वाटेने वर चढते आणि काही सेकंदांत झोपेबरोबर संपते. हात सुजत नाही.

सलाइन बाहेर जातं तेव्हा सुईचं टोक शिरेतून निसटलेलं असतं. औषध मांसात उतरतं, सुईभोवती फुगतं, कातडी ताणते, हाताला गार लागते, ठिबक मंदावते. आग एकाच जागी धरून बसते. औषध रक्तात पुरतं पोचत नाही, त्यामुळे झोपही धड लागत नाही. प्रोपोफॉल असं गळलं तर बहुधा निभावतं. थायोपेंटोन हे भुलीचं दुसरं औषध मात्र फार क्षारीय, त्याने कातडी मरू शकते. इथे आधी हेच: औषध थांबवायचं, दुसरी शीर शोधायची.

पहिली आग मात्र आधीच टाळता येते. "थोडं जळेल हां" म्हणून पुढे जाणं मला पटत नाही, कारण काहीच केलं नाही तर दहांतल्या सहा जणांना दुखतं. हाताच्या पाठीवरची बारीक शीर सोडून कोपराच्या आतली मोठी शीर घेतली तर आग बरीच कमी होते. किंवा दंडाला पट्टा बांधून शिरेत लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध द्यायचं, अर्धं ते दोन मिनिटं तिथेच अडवून ठेवायचं, मग पट्टा सोडून प्रोपोफॉल. मागच्या भुलीला हात जळला होता, हे टेबलावर जायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

आणि वॉर्डात रात्री सुईची जागा फुगलेली, गार लागली, तर सिस्टरना तेव्हाच हाक मारा. सकाळपर्यंत थांबू नका.