रिले किती लवकर सोडतो?

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहून सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. सुटण्यापूर्वी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ट्रान्सब्रेक पहिला आणि रिव्हर्स गिअर एकदमच लावून गाडी जागेवर जखडतो. इंजिन मात्र गर्जत असतं. ट्रान्सब्रेकच्या सॉलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेचा, प्रवाह तुटला की गाडी उसळते.

हा प्रवाह बऱ्याचदा रिलेमधून, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने कॉन्टॅक्ट जोडणाऱ्या-सोडणाऱ्या स्विचमधून, जातो. रिले घेताना आपण तो किती लवकर जोडतो हे विचारतो, पण इथे खरा प्रश्न तो किती लवकर सोडतो हा आहे. कॉइलचा प्रवाह बंद केला की तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा उलट दिशेचा मोठा व्होल्टेज उसळवते. इलेक्ट्रॉनिक्स जळू नये म्हणून कॉइलवर डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावतात. डायोड ती उसळी दाबतो खरा, पण प्रवाह कॉइलमध्येच फिरत राहतो, चुंबकत्व रेंगाळतं आणि स्प्रिंगला कॉन्टॅक्ट मागे खेचायला वेळ लागतो. एरवी दीड-दोन मिलिसेकंदांत सुटणारा छोटा रिले साध्या डायोडमुळे दहाच्या आसपास घेऊ शकतो. डायोडला जोडून झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजच्या वरच उलटा प्रवाह जाऊ देणारा) बसवला तर ऊर्जा झटपट खर्च होते आणि वेळ पुन्हा दोनच्या जवळ येतो. इतक्या स्वस्त सुट्या भागाने एवढा फरक पडावा, हे मला फार सुंदर वाटतं.

आठ मिलिसेकंद म्हणजे किती? ताशी २४० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जाते. तरी ठरलेला उशीर चालतो, कारण डिले बॉक्समध्ये, म्हणजे बटण सोडल्यावर ठरलेल्या वेळाने ट्रान्सब्रेक सोडणाऱ्या पेटीत, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ जुळवता येते. दर वेळी बदलणारा उशीर मात्र कशानेच जुळत नाही. बॅटरी उतरली, कॉइल तापली की साध्या रिलेची वेळ सरकते.

इंजिनाला जास्तीची ताकद देणाऱ्या नायट्रस वायूचा सॉलेनॉइड सेकंदाला अनेकदा उघडझाप करायचा असेल, तर हलणारे कॉन्टॅक्ट टिकणारच नाहीत. तिथे मॉस्फेट या ट्रान्झिस्टरवर चालणारा, हलते भाग नसलेला सॉलिड स्टेट रिलेच हवा. कारखान्यातला एसीचा सॉलिड स्टेट रिले उचलून लावू नका: त्यातला ट्रायक हा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रवाह शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही आणि बॅटरीचा डीसी प्रवाह आपणहून शून्यावर येत नाही. मॉस्फेटही बिघडला की बहुधा चालूच राहतो, म्हणून त्याच्या आधी पुरवठा तोडणारा एक साधा रिले ठेवावा. त्याचा वेग कमी असला तरी चालेल.