भरीताच्या वांग्याची रोपं नेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो,

रोपांच्या ट्रेसोबत हे पत्रक मुद्दाम देतो आहोत. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मागणीही आहे. पण शेंडे व फळे पोखरणारी अळी आली की मालाचा भाव जागेवर पडतो.

लागवडीनंतर कोवळे शेंडे माना टाकू लागले, तर पाणी कमी पडलं समजून ठिबक वाढवू नका. एक शेंडा खुडून नखाने चिरून पाहा. बहुतेकदा आत अळी असते. पुढे हीच जात फळात शिरते, आणि एकदा आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून दर आठवड्याला ओळीओळीने फिरून सुकलेले शेंडे आणि किडकी फळं अळीसकट गोळा करा, जाळा किंवा खोल पुरा. बांधावर फेकलीत तर त्यातूनच नवे पतंग निघतात.

कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग पकडायचा सापळा, कापसामुळे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण कापसाची उरलेली गोळी वांग्यात लावायची आणि ‘सापळ्यात काहीच येत नाही’ म्हणायचं, असं फार होतं. गुलाबी बोंडअळीच्या गोळीकडे तिचेच नर येतात. वांग्यासाठी ‘ल्युसील्युर’ असं नाव घेऊनच मागा. सापळा पिकाच्या थोडा वर ठेवा, झाड वाढेल तसा उचला आणि पाकिटावरच्या मुदतीत गोळी बदला.

निंबोळी अर्क घरीच होतो. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवा, सकाळी गाळून पाणी १०० लिटर करा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. साठवून ठेवू नका.

मोबाइलवरचे व्हिडिओ जरूर पाहा, पण आपल्या काळ्या जमिनीचा आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांचा त्यांना पत्ता नसतो. नवीन काहीही आधी चार ओळींत करा, शेजारच्या ओळी जुन्या पद्धतीने ठेवा आणि दोन्हींची तोडणी वेगवेगळी मोजा. आम्ही सांगितलेल्या गोष्टीही अशाच पारखून घ्या.

गावात शेतीशाळा भरते का, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. तिथे भाषण नसतं. पिकात बसून किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजायचे असतात. घरातल्या बायकांनाही न्या. खुरपणी-तोडणीला त्याच असतात, त्यामुळे पहिला सुकलेला शेंडा त्यांनाच दिसतो, आणि बैठकीला मात्र त्यांना कोणी बोलवत नाही. हे आम्हाला फार खटकतं.

शंका आली तर पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर मोफत विचारा, नाहीतर आमच्याकडे या. येताना फोटोपेक्षा सकाळी खुडलेला शेंडा ओल्या कागदात गुंडाळून आणा. चिरून पाहिला की लगेच कळतं.