सुटलेल्या माणसाला पुन्हा हेरगिरीत जुंपणं (शाद्रिन प्रकरण)

हेरगिरीतनं बाहेर पडलेल्या, किंवा शत्रूच्या देशातनं पळून येऊन नवा संसार थाटलेल्या माणसाला गळ घालून, भरीस पाडून परत त्याच कामाला लावायची गुप्तचर यंत्रणांची जुनी पद्धत. जबरदस्ती म्हणजे दरवेळी पिस्तूल रोखतात असं नाही, आसरा दिल्याचे उपकार, नव्या देशाबद्दलची निष्ठा आणि मागे राहिलेली बायकापोरं एवढ्यावर काम भागतं.

निकोलाय आर्तामोनोव हा सोव्हिएत नौदलातला तरुण अधिकारी, विनाशिकेचा कप्तान. जून १९५९ मध्ये तो पोलंडच्या ग्डिनिया बंदरातनं त्याच्या पोलिश प्रेयसीला, इवाला घेऊन लाँचमधनं बाल्टिक समुद्र ओलांडून स्वीडनला पळाला. रशियात पहिली बायको आणि मुलगा राहिले, तिकडच्या कोर्टानं त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. अमेरिकेत तो निकोलस शाद्रिन झाला, नौदलाच्या गुप्तचर खात्यात विश्लेषकाची नोकरी लागली, इवा डेंटिस्ट म्हणून काम करायला लागली, म्हणजे सगळं मार्गी लागलं होतं.

१९६६ मध्ये केजीबी ह्या सोव्हिएत गुप्तचर संस्थेतल्या इगोर कोचनोव नावाच्या अधिकाऱ्यानं थेट सीआयएच्या रिचर्ड हेल्म्स यांच्या घरी फोन केला, मी तुमच्यासाठी काम करतो, पण मॉस्कोत माझं वजन वाढायला हवं, शाद्रिनला मीच फोडला असं दिसू द्या. शाद्रिन आधी नाही म्हणाला, मग नौदलातल्या वरिष्ठांकरवी त्याचं मन वळवलं. तेव्हापासून तो दुहेरी हेर: केजीबीला द्यायची माहिती आधी अमेरिकन अधिकारी तपासून, खऱ्याखोट्याची सरमिसळ करून देणार आणि ह्यानं ती पोचवायची. १९७१ ला माँट्रियल, १९७२ ला व्हिएन्ना, भेटी चालूच. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की ह्यात त्याचा स्वतःचा फायदा काहीच नव्हता, दुसऱ्याच्या बढतीसाठी ह्याचा जीव टांगणीला.

२० डिसेंबर १९७५ ला व्हिएन्नात वोतिफ चर्चच्या पायऱ्यांवर केजीबीच्या माणसांशी भेट ठरली होती. संशय येईल म्हणून पाळत ठेवायला अमेरिकेनं एकही माणूस लावला नाही. इवा त्या रात्री ऑपेरा बघून हॉटेलवर आली तर खोली रिकामी, वाट बघून बघून शेवटी तिनं अमेरिकन अधिकाऱ्यांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. अध्यक्ष फोर्ड यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्याकडे विचारणा केली, पण तो आमच्याकडे नाही असंच सोव्हिएत सरकार म्हणत राहिलं.

१९८५ मध्ये केजीबीतनं फुटलेल्या युर्चेन्कोनं सांगितलं की पळवून नेताना दिलेल्या गुंगीच्या औषधानं शाद्रिन मेला. नंतर केजीबीचे माजी अधिकारी ओलेग कालुगिन यांनीही आठवणींत तेच लिहिलं, ते स्वतः चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवर वाट बघत थांबले होते.

आणि कोचनोव? तो १९६६ मध्येच मॉस्कोला परत गेला, सीआयएशी त्यानं परत संपर्क केला नाही.