‘टेक अप स्पेस’मधलं ‘अप’

‘धिस कबर्ड टेक्स टू मच स्पेस.’ मराठीतून इंग्रजीकडे वळलेल्या माणसाच्या लेखनात असं वाक्य सहज येऊन जातं. हवं असतं ‘टेक्स अप’. तो ‘अप’ गळतो, कारण मराठीत कपाट नुसती जागा अडवतं किंवा जागा खातं. त्याला पुढे शेपूट लागत नाही.

इंग्रजीत ते का लागतं? ‘टेक’ मुळात इंग्रजांचं नव्हेच. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून ते आलं आणि जुन्या ‘निमान’ या क्रियापदाला त्याने हुसकावून लावलं. मग अप, ऑफ, आउट जोडून अर्थ वाढतच गेले. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या शब्दकोशात ‘टेक’चे १३४ अर्थ दिले. अशी जोडक्रियापदं परकीयांना सर्वांत अवघड जातात, हेही त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलं. इथला ‘अप’ म्हणजे ‘वर’ नव्हे. ‘ईट अप’, ‘यूज अप’मध्ये असतो तोच हा पुरेपणा. आपण ‘खाऊन टाक’ म्हणताना काही टाकत नसतो, तसंच हे.

जागा अडवण्यासाठीच्या दुसऱ्या शब्दाची, ‘ऑक्युपाय’ची, कथा याहून चमत्कारिक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत या शब्दाला शरीरसंबंधाचा अर्थ चिकटला आणि सभ्य लेखक तो टाळू लागले. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या दुसऱ्या भागात डॉल टेअरशीट तक्रारच करते, की हा चांगला शब्द होता, वाईट संगतीने बिघडला. पुढे तो पुन्हा रुळला. आज तो चुकीचा नाही, फक्त कपाटासाठी जरा भारदस्त वाटतो.

‘रूम’ही आधी जागाच होती; खोली हा अर्थ मागाहून आला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मरीया आणि योसेफ यांना उतारशाळेत ‘रूम’ नव्हती, म्हणजे जागा नव्हती. म्हणून ‘टेक्स अप रूम’ बरोबर. ‘रूम्स’ लिहिलं की कपाट खोल्या बळकावतं.

आपली ‘जागा’ फारसीतून आली आणि तिने प्लेस, स्पेस, सीट, रूम सगळं एकटीने सांभाळलं. ‘मेक प्लेस फॉर मी’ हे वाक्य तिच्यातूनच निघतं. तिथे ‘रूम’ हवं. आणि कर्मणी रचनेतही ‘अप’ सोडू नये: ‘द स्पेस टेकन अप बाय बुक्स’.